यंत्र कुठे अडले आणि चूक कुठे झाली : लेटेकच्या एरर-संदेशांची समीक्षा

लेटेक शिकवताना आपण आज्ञा शिकवतो, सूत्रे शिकवतो, तक्ते शिकवतो. पण विद्यार्थ्याचा सर्वाधिक वेळ ज्या मजकुरात जातो तो मजकूर आपण शिकवत नाही. तो म्हणजे लेटेकने स्वतः लिहिलेला मजकूर : एरर, वॉर्निंग आणि लॉग फाइल. या पाठात आपण त्या मजकुराकडे लेखन म्हणून पाहणार आहोत. तो कोणासाठी लिहिला आहे, काय सांगतो, काय लपवतो आणि देवनागरीत लिहिणाऱ्याला त्याचा कितपत उपयोग होतो, हे तपासू.

1. संवादासाठी लिहिलेला संदेश

डोनाल्ड क्नुथ यांनी टेकची पहिली आवृत्ती 1978 साली तयार केली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1980च्या दशकात तिच्यावर लेटेक उभारले. त्या काळी वापरणारा माणूस टर्मिनलसमोर बसलेला असे. चूक सापडली की टेक थांबे, प्रश्नचिन्ह दाखवे आणि उत्तराची वाट पाही. एच दाबले की खुलासा मिळे, आय दाबून दुरुस्ती सुचवता येई, एक्स दाबून बाहेर पडता येई. क्नुथ यांनी 'द टेकबुक' या ग्रंथाचे 27वे प्रकरण चुकांतून सावरण्यासाठीच राखून ठेवले आहे. म्हणजे हा संदेश निष्काळजीपणे लिहिलेला नाही.

त्याची एक खुबी आजही बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एररखाली तुमची ओळ दोन तुकड्यांत छापलेली असते आणि दुसरा तुकडा खाली, उजवीकडे सरकलेला असतो. ही सजावट नव्हे. ओळ जिथे तुटते तिथपर्यंत टेकने वाचले आहे, पुढचे अजून वाचायचे आहे, असा तिचा अर्थ. एवढे कळले तरी निम्मा शोध संपतो.

पण आजचे बहुतेक संपादक लेटेकला न थांबता चालवतात. प्रश्नचिन्ह येतच नाही, त्यामुळे संवादातले एकाच बाजूचे बोलणे आपल्या हाती उरते. समीक्षेचा पहिला मुद्दा हा : संदेश बदलला नाही, वाचणारा मात्र बदलला.

2. जागा आणि नाव

संदेशातला ओळ-क्रमांक चुकीची जागा सांगत नाही, यंत्र अडल्याची जागा सांगतो. समजा, ठळक अक्षरांसाठी तुम्ही टेक्स्टबीएफ ही आज्ञा वापरली आणि बंद करणारा महिरपी कंस राहिला. टेक तो कंस शोधत पुढे जाते आणि परिच्छेद संपला की थांबते. क्रमांक मिळतो परिच्छेदाच्या शेवटचा, चूक मात्र सुरुवातीला असू शकते. परिच्छेदाशी थांबणे ही क्नुथ यांची मुद्दाम केलेली सोय आहे. ती नसती तर एका कंसाने सगळे पुस्तक गिळले असते.

नावाचे तसे नाही. या चुकीत लेटेक म्हणते की 'टेक्स्ट-ॲट-कमांड' ही आज्ञा पूर्ण होण्याआधीच परिच्छेद संपला. तुम्ही अशी आज्ञा लिहिलेलीच नसते! टेक्स्टबीएफच्या पोटात काम करणाऱ्या अंतर्गत आज्ञेचे ते नाव आहे. दुकानात गिऱ्हाइकाने तक्रार करावी आणि त्याला गोदामातल्या कप्प्याचा क्रमांक सांगावा, तसा हा प्रकार. येथे 'रनअवे आर्ग्युमेंट' या शब्दांनंतर छापलेला तुमचा मजकूर पाहा. खरा पत्ता तिथे असतो.

3. दुरुस्ती की नवा बिघाड?

'मिसिंग डॉलर इन्सर्टेड' हा संदेश सर्वांना ठाऊक असतो. त्यातला शेवटचा शब्द नीट वाचा. टेक फक्त चूक दाखवत नाही, स्वतः डॉलर घालून पुढे जाते. साध्या मजकुरात फाइलचे नाव लिहिताना अंडरस्कोर आला की हे घडते. अंडरस्कोर ही गणितातली खूण, म्हणून टेक गणित सुरू करते आणि परिच्छेद संपेपर्यंत तुमचे गद्य गणित म्हणून छापते. परिच्छेदाच्या शेवटी गणित बंद झालेले नसते, म्हणून तोच संदेश पुन्हा येतो. चूक एक, एरर दोन.

इंग्रजी मजकुरात याचा परिणाम डोळ्यांना दिसतो : शब्दांमधल्या जागा जातात, अक्षरे तिरकी होतात. मराठी मजकुरात मात्र अक्षरेच गळतात, कारण गणिताच्या नेहमीच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसते. कधी एखादी मात्रा तेवढी लोंबकळत राहते. म्हणून नियम असा : पहिली एरर दुरुस्त करा, पुन्हा चालवा, मगच पुढची वाचा. एकाच परिच्छेदात शंभर एरर झाल्या की टेक स्वतःच हात टेकते. त्यांतल्या बहुतेक पहिलीचीच पिल्ले असतात.

4. सर्वांत मोठा दोष : मौन

येथवरचे दोष त्रासदायक आहेत, पण ते निदान बोलतात. खरा आक्षेप न बोलणाऱ्या दोषांवर आहे.

देवनागरी मजकूर पीडीएफलेटेकला दिला तर ते स्पष्ट एरर देते की या युनिकोड अक्षराची सोय केलेली नाही. तोच मजकूर झीलेटेक किंवा लुआलेटेकला दिला आणि फॉन्ट सांगायचा राहिला तर लॅटिन मॉडर्न हा मूळ फॉन्ट वापरला जातो. त्यात देवनागरी नाही. तरीही काम 'यशस्वी' होते, पीडीएफ तयार होते आणि पान कोरे निघते. 'मिसिंग कॅरेक्टर' अशा ओळी येतात, पण एरर म्हणून नव्हे. जुन्या आवृत्त्यांत तर त्या फक्त लॉग फाइलमध्ये जात. जे जुने इंजिन देवनागरीला नाही म्हणते ते प्रामाणिक आणि जे नवे इंजिन हो म्हणते ते गप्प, असा हा उलटा न्याय आहे.

कोरे पान निदान दिसते. सूत्रातली गळती दिसत नाही. भौतिकशास्त्राच्या टिपणात वेग = अंतर भागिले वेळ हे सूत्र मराठी शब्दांत थेट गणितात लिहिले, तर अपूर्णांकाची रेघ छापली जाते आणि तिच्या वर-खालची अक्षरे जातात. लेखकाने पान डोळ्यांखालून घातले नाही, तर ते टिपण तसेच विद्यार्थ्याच्या हाती पडते. त्याच्याकडे मूळ फाइलही नसते आणि लॉगही नसतो.

याची तुलना लेटेकच्याच दुसऱ्या वागण्याशी करा. संदर्भाचा क्रमांक सापडला नाही तर ते पानावर ठळक दोन प्रश्नचिन्हे छापते. दोष पानावरच दिसतो. संदर्भ बदलले असतील तर 'पुन्हा चालवा' असेही सांगते, म्हणजे कारणासोबत उपायही देते. हरवलेल्या संदर्भासाठी ही काळजी, तर हरवलेल्या अक्षरासाठी साधी मोकळी जागाही का नसावी?

याहून गप्प दोष जोडाक्षरांचा. फॉन्ट दिला पण लिपी देवनागरी आहे हे सांगितले नाही, तर 'शिक्षक' या शब्दातली वेलांटी श नंतर जाऊ शकते आणि क्ष फुटून हलन्त दिसू शकतो. प्रत्येक तुकडा फॉन्टमध्ये असतो, म्हणून यंत्राच्या लेखी काहीच हरवलेले नसते.

5. वजन नसलेली तक्रार

याउलट 'ओव्हरफुल एचबॉक्स' ही तक्रार लेटेक अखंड करते. एक पॉइंट म्हणजे सुमारे 0.35 मिलिमीटर. ओळ अर्धा पॉइंट बाहेर गेली तर डोळ्याला कळतही नाही, साठ पॉइंट गेली तर दोन सेंटिमीटर मजकूर समासात घुसतो. दोन्हींचा सूर एकच. अशा शेकडो ओळींच्या गर्दीत 'मिसिंग कॅरेक्टर'ची ओळ बुडते.

6. तुम्ही काय करावे

- मराठीसाठी झीलेटेक किंवा लुआलेटेक वापरा. फॉन्टस्पेकमध्ये देवनागरी फॉन्ट देताना लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असे दोन्ही सांगा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श यांची मराठी वळणेही मिळतात. लुआलेटेकमध्ये रेंडरर म्हणून हार्फबझ निवडा.
- 'ट्रेसिंगलॉस्टकॅर्स' या चलाची किंमत 3 ठेवा. टेक लाइव्ह 2021पासून यामुळे हरवलेले अक्षर सरळ एरर ठरते.
- सूत्रातले मराठी शब्द एएमएसमॅथच्या 'टेक्स्ट' या आज्ञेत लिहा.
- चूक सापडत नसेल तर अर्धी फाइल बाजूला काढून चालवा. एरर ज्या अर्ध्यात राहील तो पुन्हा निम्मा करा. हजार ओळींची फाइल असली तरी दहाएक फेऱ्यांत ओळ सापडते.

निष्कर्ष

लेटेकचे संदेश दुर्बोध आहेत, ही नेहमीची टीका अर्धवट आहे. ते वाचायला शिकता येतात आणि वाचता आले की बरेच काही सांगतात. टीका करायची तर गांभीर्याच्या त्यांच्या क्रमवारीवर करावी. समासाबाहेर गेलेला अर्धा पॉइंट आणि गळालेले अक्षर यांना ही व्यवस्था एका पंक्तीला बसवते. मूळ रचना झाली तेव्हा अक्षर हरवणे हा विरळा प्रसंग असावा, आपल्या लिपीत तो रोजचा आहे. म्हणून 'एरर नाही' या वाक्यावर समाधान मानू नका. शेवटची तपासणी लॉगमध्ये नव्हे, छापलेल्या पानावर करा.

स्वाध्याय

1. एका मराठी परिच्छेदात मुद्दाम अंडरस्कोर घाला. किती एरर आल्या आणि पानावरून काय गेले, ते नोंदवा.
2. वरील चलाची किंमत 1, 2 आणि 3 ठेवून तीच फाइल चालवा आणि फरक लिहा.
3. 'मिसिंग कॅरेक्टर' या सूचनेऐवजी मराठी लेखकाला उपयोगी पडेल असा दोन ओळींचा संदेश तयार करा.