राहिलेल्या नऊ धावा

पुण्यात एखाद्याला "तुमचा आवडता खेळाडू कोण?" असं विचारण्यापूर्वी आपल्या हाताशी वेळ आहे ना, याची खात्री करून घ्यावी. मुंबईत या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात मिळतं आणि तो शब्द लोकल सुटायच्या आत उच्चारून होतो. पुण्यात आधी प्रश्नच तपासला जातो. आवडता म्हणजे नक्की कोणत्या अर्थी? फलंदाज म्हणून की एकंदर माणूस म्हणून? डोळ्यांनी पाहिलेला चालेल की ऐकीवही चालेल? आणि ही सगळी छाननी झाल्यावर जे नाव बाहेर पडतं, ते बहुधा अशा गृहस्थांचं असतं, की ज्यांना कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी धड खेळू दिलं नाही.

हे मी बरीच वर्षं न्याहाळत आलो आहे. पुणेकराला खेळाडू आवडायला नुसत्या धावा पुरत नाहीत. जोडीला एखादा अन्याय लागतो. नुसत्या भाकरीनं पोट भरेल, पण ठेचा असल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आता प्रोफेसर देवधरांचंच घ्या. दि. ब. देवधर म्हणजे पुण्याच्या क्रिकेटचे आद्य दैवत. एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात गोलंदाजांना शिकवायचे. १९२६ साली गिलिगनचा एम.सी.सी. संघ आला, तेव्हा मुंबईत त्यांनी १४८ धावा ठोकल्या. महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. वयाच्या ५२ व्या वर्षी एका सामन्याच्या दोन्ही डावांत शतकं काढली, १०५ आणि १४१. बावन्नाव्या वर्षी आपण जिना चढून आलो तर तो पराक्रम म्हणून घरात सांगतो. एवढं सगळं असताना कट्ट्यावर देवधरांचं नाव निघालं की पहिलं वाक्य काय असतं? "एकसुद्धा कसोटी खेळू दिली नाही हो त्यांना!" भारताची पहिली कसोटी झाली १९३२ साली आणि प्रोफेसर तेव्हा चाळिशीचे होते, हा हिशेब कुणी मांडत नाही. देवधर पुढे १०१ वर्षं जगले, १९९३ साली गेले. निवड समितीला याहून चांगलं उत्तर देता आलं नसतं, पण कट्ट्याचं समाधान त्यानंही झालं नाही.

पण खरी कहाणी निंबाळकरांची. ही ज्याला येत नाही त्याला पुण्यात क्रिकेटवर बोलायचा परवाना मिळत नाही, म्हणून थोडक्यात सांगून टाकतो. डिसेंबर १९४८. पूना क्लबचं मैदान. महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. भाऊसाहेब निंबाळकर तिसऱ्या दिवशी उपाहाराला ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा जागतिक विक्रम ४५२. म्हणजे नऊ धावा कमी. आणि तिथे काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही चाललो. आणि खरोखर चालले! सामना सोडून, बोजाबिस्तरा आवरून मंडळी गेली. धावफलकावर महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ तशाच राहिल्या आणि निंबाळकरांच्या नऊ धावा त्या दिवसापासून पुणेकरांच्या घशात अडकल्या त्या अडकल्याच.

हा सामना पाहिलेली किमान चाळीस माणसं मला व्यक्तिशः भेटली आहेत. आमचे एक मामा त्यातलेच. त्या दिवशी ते दहा वर्षांचे होते आणि शाळा बुडवून कॅम्पात गेले होते. त्या काळी सदाशिव पेठेतून कॅम्पात जाणं म्हणजे परगावी जाण्यासारखंच, पण गेले. पुढे त्यांचे वर्गशिक्षकही एकदा मला भेटले. तेही शाळा बुडवून गेले होते. या सगळ्यांना ठाकूरसाहेबांचा चेहरा लख्ख आठवतो. पानावर काय होतं तेही आठवतं. आठवत नाही ती फक्त एक गोष्ट, आणि माझी तक्रार आहे ती इथे. मी मामांना विचारलं, "मामा, निंबाळकर खेळायचे कसे? म्हणजे, पुढे येऊन की मागे जाऊन? कट होता का त्यांना?" मामा माझ्याकडे असे बघायला लागले, की जणू मी सत्यनारायणाच्या पूजेत केळ्याचा भाव विचारला. मग म्हणाले, "अरे, नऊ धावा रे! फक्त नऊ!"

म्हणजे बघा, माणूस ४९४ मिनिटं, सव्वाआठ तास खेळला. ४९ चौकार आणि एक षटकार. गुणाकार करा. त्या झाल्या २०२. उरलेल्या २४१ धावा त्यानं पळून काढल्या! शिवाय समोरच्याच्या धावांसाठी पळाला ते वेगळं. आणि समोर कोण होतं? भांडारकर. त्यांनी २०५ केल्या, दोघांनी मिळून ४५५ ची भागी केली. या भांडारकरांचं नाव कट्ट्यावर कुणी घेत नाही, कारण त्यांच्यावर अन्याय झाला नाही. ते नुसतेच उत्तम खेळले आणि बाद झाले. आणि निंबाळकरांच्या वाट्याला आलं ते असं कौतुक, की ज्यात त्यांनी केलेल्या ४४३ धावांपेक्षा न केलेल्या नऊ धावा मोठ्या. ठाकूरसाहेबांनी त्यांचा एक विक्रम हिरावला हे खरं. पण ती सगळी खेळी पुसून तिथे एक जेवणाची सुट्टी मांडून ठेवली ती आपण. तेही गेली पंचाहत्तर वर्षं, आणि प्रेमानं.

(निंबाळकर मूळचे कोल्हापूरचे. हे कोल्हापूरकराच्या देखत बोलू नये. नऊ धावांवर त्यांचाही दावा आहे.)

मामांचा दुसरा आवडता विश्वनाथ. आता विश्वनाथ आवडत नाही असा माणूस मलाही भेटलेला नाही, पण कारण? माझं कारण विचाराल तर तो स्क्वेअर कट. मामांचं कारण, १९८० ची मुंबईची सुवर्णमहोत्सवी कसोटी. विशी कप्तान होता, पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला त्यानं परत बोलावलं, टेलर आणि बोथम यांनी १७१ ची भागी केली आणि इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं. "ह्याला म्हणतात माणूस!" गावसकरबद्दल विचारलं की मामा म्हणणार, "आहे, चांगला आहे." शेजाऱ्याच्या मुलाला बोर्डात नंबर मिळाल्यावर आपण म्हणतो त्या आवाजात. गावसकरनं दहा हजार धावा केल्या आणि शिवाय तो मुंबईचा. त्याच्याबद्दल हळहळायला जागाच कुठे शिल्लक?

या न्यायानं पाहिलं तर चंदू बोर्डे ही पुणेकरांची मोठीच अडचण. अस्सल पुण्यात जन्मलेला माणूस, पंचावन्न कसोटी सामने, ३०६१ धावा, पाच शतकं, वर लेगस्पिनवर ५२ बळी. अन्याय शोधायचा कुठे? पण शोधला. १९५९ साली वेस्ट इंडिजविरुद्ध दिल्लीला पहिल्या डावात १०९ केल्यावर दुसऱ्या डावात ते ९६ वर बाद झाले, आणि कसे? तर स्वतःच्याच हातून यष्टी उडाल्या. हिट विकेट! चार धावा! कट्ट्याला हायसं वाटलं. पुढे कप्तानपद मिळालं तेही एकाच कसोटीत, १९६७ ला ॲडलेडला, पतौडी जायबंदी म्हणून. चला, दोन दाखले झाले. बोर्डे आपल्यात आले.

मला बोर्डे आवडतात त्याला वेगळं कारण आहे. त्या १९५८-५९ च्या मालिकेत समोर हॉल आणि गिलख्रिस्ट होते. हे दोघं धावत यायला लागले की पॅव्हेलियनमधल्या माणसालाही पॅड बांधावेसे वाटत. आपण पाच सामन्यांत चार कप्तान बदलले. तीन सामने हरलो होतो. त्या पडझडीत पाचव्या सामन्यात हा चोवीस वर्षांचा मुलगा दोन्ही डावांत उभा राहिला आणि सामना वाचला. त्या चार धावा मिळाल्या असत्या तर छानच, पण गिलख्रिस्टला मागे मागे जाऊन खेळताना पाय यष्टीला लागतो की बॅट, याची चौकशी त्यानं करावी ज्यानं कधी गिलख्रिस्ट खेळून पाहिला आहे. आणि १९६४ चा तो दसरा! ब्रेबर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटचे दोन गडी हाताशी, बोर्डे नाबाद ३०, आणि आपण जिंकलो. ट्रान्झिस्टर कानाला लावून माणसं सोनं वाटत होती. पण या गोष्टीत बोर्ड्यांचं कुणी काही बिघडवलं नाही, त्यामुळे ती दसऱ्याच्या दसऱ्याला एकदा सांगून होते.

कानिटकरांच्या घरी मात्र हा हिशेब पिढीजात आहे. वडील हेमंत कानिटकर, १९७४ ला बंगलोरला पहिल्याच डावात ६५ केल्या. एकूण कसोटी दोन. मुलगा हृषीकेश, त्याच्याही दोनच. पण १८ जानेवारी १९९८ ला ढाक्यात पाकिस्तानविरुद्ध दोन चेंडूंत तीन धावा हव्या होत्या, उजेड गेलेला, समोर सकलेन. आणि या मुलानं चौकार मारला. त्या रात्री पुण्यात ज्यांचं आडनाव कानिटकर होतं त्यांना फुकट चहा मिळाला असता. पुढे याच हृषीकेशनं राजस्थानचा कप्तान होऊन २०१०-११ ला त्या संघाला पहिल्यांदा रणजी जिंकून दिली. माझ्या मते चौकारापेक्षा हे फार मोठं काम. चौकार एका चेंडूचा असतो. परक्या गावी जाऊन, कधी न जिंकलेल्या पोरांना जिंकता येतं हे पटवायला हंगाम लागतो. पण ते कट्ट्यावर निघत नाही. आमची रणजी १९४०-४१ ला थांबली. १९७०-७१ ला अंतिम सामन्यात आम्ही मुंबईकडून हरलो, आणि मुंबईचे मोठे खेळाडू तेव्हा वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होते! म्हणजे त्यांच्या उरलेल्यांनी आम्हाला हरवलं. ही गोष्ट मला मामांनी कधीच सांगितली नाही. इथे ठाकूरसाहेब नाहीत ना.

नव्या काळात तर कट्ट्याचे फारच हाल. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटण हैदराबादला हरियाणाला २८-२५ असं हरवून कबड्डीची लीग जिंकली. अस्लम इनामदार कप्तान. सगळं सरळ झालं. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर आलेली माणसं "जिंकलो", "हो, जिंकलो" एवढं बोलून चहाकडे वळली. त्या मानानं २०१७ ची आयपीएल बरी. अंतिम सामना, पुणे १२८, मुंबई १२९. एक धाव! तीही मुंबईकडून! एवढा तयार माल, पण तो संघ दोन वर्षांच्या करारावर आलेला, सामना संपला आणि दुकानच बंद झालं. भाडेकरूच्या दुःखात घरमालक किती रडणार?

कधीतरी मात्र वेगळं घडतं. २९ फेब्रुवारी १९९६ ला नेहरू स्टेडियमवर केनिया आणि वेस्ट इंडिज असा विश्वचषकाचा सामना होता. आम्ही गेलो होतो ते लाराला बघायला. केनिया १६६ ला आटोपलं, लोकांनी डबे उघडले. आणि मग त्यांचा तो यष्टिरक्षक, तारिक इक्बाल, चष्मा, डोक्याला पट्टा, अंगानं आमच्या बँकेतल्या कॅशियरसारखा. चेंडू त्याच्या हातातून, पायातून, कुठूनही जायचा. लोक हसत होते. आणि लाराच्या बॅटची कड लागली, आणि चेंडू त्याच्या ग्लोव्हजमध्ये, छातीशी, कुठे कुठे घुटमळला आणि राहिला! ज्याला बघायला तिकीट काढलं तोच गेला, आणि तरी माझ्या शेजारचे अनोळखी गृहस्थ बाकावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. वेस्ट इंडिज सगळे बाद ९३. त्या गृहस्थांना केनियाच्या एकाही खेळाडूचं नाव धड येत नव्हतं. "तो ओ-ओ कोण तो," असं म्हणत ते ओडुंबेसाठी ओरडत होते. कुणी कुणाचं काही हिरावलेलं नव्हतं. घरी परतताना आम्ही अख्ख्या वाटेवर खेळाबद्दल बोललो. कुठला चेंडू किती वळला, कोण कुठे उभा होता. पुण्यात हे इतकं विरळा आहे, की लीप वर्षाची तारीखच त्याला योग्य.

मामा आता फारसे बाहेर पडत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऋतुराज गायकवाडनं विजय हजारे करंडकात उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारले, नाबाद २२० केल्या. मी मुद्दाम पेढे घेऊन गेलो. षटकात सहा चेंडू असताना सात कसे, तर एक नो-बॉल होता, हे सगळं समजावून सांगितलं. हजारे म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. हजाऱ्यांनी महाराष्ट्राकडून पुण्यातच ३१६ केल्या होत्या, नाबाद, हे त्यांनी मला ऐकवलं. मग पेढा तोंडात टाकून थोडा वेळ विचार केला.

"मुलगा पुण्याचाच ना?"

"पुण्याचाच."

"आणि कसोटीत घेतला का?"

"अजून नाही."

"वाटलंच मला," मामा म्हणाले, आणि दुसरा पेढा उचलला.