फुकटातली शिक्षा

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. बहुतेक समीक्षक बेणारेबाईंची बाजू घेतात आणि समाजाच्या दांभिकतेवर बोट ठेवतात. ते चूक नाही. पण त्यातून वाचकाची एक सोय होते. तो न सांगता बाईंच्या शेजारी जाऊन बसतो. मला तिथं बसता येत नाही. पस्तीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी आम्ही हौशी मंडळींनी हे नाटक केलं, तेव्हा मी सामंत होतो. दुसऱ्या अंकात हशा पिकायचा आणि तो पिकला की आम्हालाही चेव यायचा.

मानसशास्त्र मी कॉलेजात शिकलो नाही. हाती लागेल ते वाचत गेलो. त्यात एर्न्स्ट फेर आणि सिमॉन गेख्टर यांचा २००२ सालचा प्रयोग भेटला. झुरिकमधले २४० विद्यार्थी, चौघाचौघांचे गट. प्रत्येकाला २० नाणी. हवी तेवढी सामाईक गल्ल्यात टाकायची. टाकलेल्या प्रत्येक नाण्यामागे चौघांनाही ०.४ मिळतात, न टाकणाऱ्यालाही. मग कुणी हात आखडता घेतला, तर त्याला दंड करता येतो. पण त्याची ३ नाणी कापायची तर स्वतःचं १ जातं. दर फेरीला गट बदलतो, तोच माणूस पुन्हा भेटत नाही. तरीही लोकांनी पदरमोड करून दंड केला आणि गल्ला भरत राहिला. संशोधकांनी याला परोपकारी शिक्षा म्हटलं.

हे वाचून काशीकर आणि मंडळींना समाजाचे राखणदार ठरवणं सोपं आहे. पण तेंडुलकरांनी रचलेल्या अभिरूप न्यायालयात ते एक नाणं कुणाच्याच खिशातून जात नाही. ‘खेळच तर आहे’ हे कवच सगळ्यांना आहे. सुखात्मे फिर्यादीचे वकील, तेच आरोपीचेही. काशीकर न्यायाधीश, आणि वाटलं तेव्हा साक्षीदार. ज्याला खरोखर किंमत मोजावी लागली असती, तो प्राध्यापक दामले नाटकभर रंगमंचावर येतच नाही. शिक्षा स्वस्त झाली की न्यायाची भूक वाढते. त्या भुकेचं पोट मात्र न्यायानं भरत नाही.

आता दुसरा प्रयोग. तोच खेळ २००८ साली जगातल्या १६ शहरांतून खेळवल्याचं प्रसिद्ध झालं. (त्यात भारतातलं एकही शहर नाही, याची मला चुटपुट आहे.) बोस्टन, कोपनहेगनमध्ये दंड मुख्यतः चुकारांना झाला. मस्कत, अथेन्समध्ये मात्र गल्ल्यात जास्त टाकणाऱ्यांनाही सडकून दंड झाला. जो जास्त देतो, तो इतरांना आपोआप खुजं करतो. हा माझा अर्थ.

बेणारेबाई त्या मंडळीतल्या जास्त देणाऱ्या आहेत. पहिल्या अंकात त्या सामंताला अभिमानानं सांगतात की शाळेत आपण वेळेच्या पक्क्या, मुलं आपल्यावर जीव टाकतात. त्याच ओघात सुखात्म्यांची न चालणारी वकिली, पोंक्षेचं इंटर नापास होणं, काशीकर दांपत्याचं अपत्यहीन असणं, सगळ्यांची टोपी उडवतात. आरोप भ्रूणहत्येचा असला, तरी खटल्याला ऊब मिळते ती इथून. ‘पुरुषी समाज’ म्हटलं की चित्र पुरं झालं असं मानणाऱ्यांनी काशीकरीणबाईंचा उत्साह पुन्हा वाचावा.

हे मला उशिरा कळलं, तेही नाटकातून नव्हे. आमच्या सोसायटीत एकट्या राहणाऱ्या एका भाडेकरू बाईंच्या ‘वागणुकी’वर सभा भरली. टाकी धुण्याच्या दिवशी न बोलावता उभ्या राहणाऱ्या त्या एकट्याच होत्या. जागा सोडायला सांगण्याच्या ठरावाला मीही हात वर केला. चहा गरम होता, सभा पंधरा मिनिटांत आटोपली. महिनाअखेर बाई गेल्या.

म्हणून सामंत मला सोडत नाही. त्याच्या मनात बाईंबद्दल आकस नाही. उलट त्या त्याला आवडतात. खटला मुळात रंगतो तो त्याला कोर्ट कसं चालतं हे दाखवायला. चौथा साक्षीदार म्हणून उभं केल्यावर बोलायला काही सुचेना, तेव्हा तो खिशातल्या कादंबरीतला प्रसंग साक्ष म्हणून ठोकून देतो. घाव नेमका वर्मी बसतो. काशीकरांचा राग समजतो. सामंताला तर रागही लागत नाही. प्रयोगशाळेच्या गणितात राग आहे, किंमत आहे. भिडेखातर बोलणारा असा सज्जन माणूस कुठे बसवायचा?

शेवटी बाई निपचित पडलेल्या असताना तो पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट त्यांच्याजवळ ठेवून निघून जातो. आमच्या प्रयोगात मला त्या प्रसंगाला चपला काढून यायला सांगितलं होतं. बाईंना जाग येता कामा नये, असं दिग्दर्शक म्हणाले होते.