एका पाकिटाचं परीक्षण

पुस्तकांची परीक्षणं लिहिणाऱ्या माणसाला एक खोड जडते. छापलेलं काहीही हाती आलं की तो आधी मलपृष्ठ वाचतो. मग ती लग्नपत्रिका असो, खोकल्याच्या औषधाची बाटली असो, नाहीतर वाळवलेल्या क्रॅनबेरीचं पाकीट असो. यातलं तिसरं वाङ्मय हल्ली आमच्या जालन्यातही दिसू लागलंय. सळया आणि मोसंबी यांच्यावर पोसलेलं हे गाव. 'जालना सोने का पालना' ही म्हण इथलं शेंबडं पोरही सांगेल. त्या पाळण्यात आता हे तांबडं परदेशी बाळ येऊन झोपलंय आणि काजू-बदामाच्या दुकानात त्याचं कोण कौतुक!

तेव्हा रीतसर परीक्षण करू या. प्रथम मुखपृष्ठ. त्यावर दवबिंदूंसकट एक टपोरं फळ आणि खाली ठळक घोषणा : 'ग्लुटेन नाही, दूध नाही, अंडं नाही.' आता मला सांगा, बोरात अंडं निघाल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? उद्या घनसावंगीच्या एखाद्या बागायतदारानं मोसंबीच्या करंडीवर 'यात मासे नाहीत' अशी पाटी लावली, तर लोक त्याला डॉक्टरकडे नेतील. पण तेच वाक्य चकचकीत पाकिटावर छापलं की त्याला शास्त्राचा वास येतो. गोष्टीत कोण कोण नाही हे सांगण्यातच पहिलं पान खर्ची घालणारी ही शैली मी नवकथेतही पाहिली नव्हती.

आता नायकाकडे वळू. हे फळ मूळचं उत्तर अमेरिकेचं. विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्सकडे त्याचे मोठे मळे आहेत. काढणीला मळ्यात पाणी सोडतात. फळाच्या पोटात हवेच्या पोकळ्या असल्यामुळे फळं तरंगतात आणि मग ती गोळा करतात. इथवर सगळं रम्य आहे. पंचाईत अशी की फळ इतकं आंबट, की कच्चं तोंडात धरवत नाही. १०० ग्रॅम ताज्या क्रॅनबेरीत साखर जेमतेम ४ ग्रॅम. म्हणून कापायचं, पाक पाजायचा, वाळवायचं आणि चिकटू नये म्हणून बहुधा सूर्यफुलाच्या तेलाचा हात फिरवायचा. एवढे संस्कार झाल्यावर त्याच १०० ग्रॅममधली साखर होते सुमारे ७२ ग्रॅम! आमची आजी याला सरळ मुरंबा म्हणाली असती, आणि मुरंबा पोळीशी चमचाभर वाढायचा असतो, पथ्य म्हणून वाटीभर नव्हे.

मलपृष्ठावर 'क जीवनसत्त्वाचा खजिना' असं लिहिलंय. ताज्या फळात ते १०० ग्रॅममागे १४ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. वाळवल्यावर उरतं ०.२. खजिना लुटून नेल्यावर रिकाम्या पेटीचं प्रदर्शन मांडावं, तसलं हे! खोटं कशाला बोला, तंतू मात्र पाचेक ग्रॅम आहेत. राहिला मूत्रमार्गाच्या दुखण्याचा मुद्दा. बायकांना पुन्हापुन्हा होणारा हा संसर्ग क्रॅनबेरीनं टळू शकतो असं म्हणायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२० साली परवानगी दिली, पण 'पुरावा मर्यादित आहे' या पुस्तीसह, आणि तीही ठराविक रसांना व गोळ्या-कॅप्सुलांना. वाळवलेल्या फळाला त्यांनी त्यात घेतलेलं नाही. पाकिटानं मात्र चुलत्याची पदवी स्वतःच्या नावापुढे लावून घेतलीय.

हे सगळं मी माझ्या भाचीला रंगवून सांगितलं. ती हसली नाही. तिच्या चार वर्षांच्या मुलाला शेंगदाण्याचं वावडं आहे. अंगावर चार गांधी उठल्या आणि आमसुलाचं पाणी लावलं की बसल्या, तसलं वावडं नव्हे. ओठ सुजतात, श्वास कोंडतो, अॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाताशी ठेवावं लागतं. आणि पोर जन्माला आलं कुठं, तर मराठवाड्यात! आमच्या खिचडीत कूट, भरल्या वांग्यात कूट, चटणी दाण्यांची, आणि एकादशीला तर अख्खं घर शेंगदाण्यावर जगतं. त्याच्या बोरन्हाणाला आम्ही बोरं, हरभरे, उसाचे करवे घेतले आणि शेंगा तेवढ्या गाळल्या, तर शेजारच्या काकू हिरमुसल्या. "अगं, एका दाण्यानं काय होतंय?"

"मामा," भाची म्हणाली, "तुम्ही ते मोठं मोठं वाचता. मी खालचं वाचते."

तिनं पाकीट उलटं केलं आणि चिकटवलेली घडी नखानं सोडवली. तिथं, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, तांबड्यावर तांबडी ओळ होती : 'या कारखान्यात शेंगदाणे व सुकामेवाही भरला जातो.' आपल्याकडच्या २०२० सालच्या लेबलांच्या नियमांत ज्या पदार्थांचा उल्लेख करावाच लागतो, त्यांत शेंगदाणे आहेत, दूध-अंडी-मासे आहेत, ठराविक प्रमाणाच्या वर असलं तर सुक्या फळांत घालतात ते सल्फाइटही आहे. म्हणजे ओळ छापून लेखकानं कायदा पाळला. पण ज्या अंड्याचा इथं काडीचा संबंध नाही ते दर्शनी भागावर, आणि ज्या दाण्यानं पोराचा जीव जाऊ शकतो तो घडीत! या कृतीवर माझा मुख्य आक्षेप हाच. तो छपाईचा दोष नाही, नियतीचाही नाही. नियतीचा असता तर निदान दर्दभरा तरी वाटला असता. तो नियतचा आहे.

सुटी क्रॅनबेरी घ्यावी, तर तिला मलपृष्ठच नाही. दुकानदार म्हणाला, "घ्या ना ताई, एकदम प्युअर." आणि ज्या पळीनं त्यानं आधीच्या गिऱ्हाइकाला खारे दाणे दिले, तीच पळी क्रॅनबेरीत घातली. भाची तिथूनच मागं फिरली. शेजारच्या बरणीतल्या 'चेरी'विषयी मी काही बोललो नाही. ती पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असते, पण त्या वेळी तो विषय गौण होता.

सध्या ती घरचीच बोरं वाळवते. बांधावरच्या बोरीची, धाब्यावर, वेगळ्या चादरीवर. पोरगं ती खिशात भरून हिंडतं. परवा काकूंनी कौतुकानं त्याच्या हातावर लाडू ठेवला, तर त्यानं तो आधी उलटा करून पाहिला.