पांढऱ्या चेहऱ्याची अदलाबदल

पांढरा रंग फासलेला कुठलाही नट दिसला की आपण त्याला सरसकट विदूषक म्हणून मोकळे होतो. पॅरिसच्या फ्युनांब्यूल नाट्यगृहात झां-गास्पार देब्युरोने (1796–1846) घडवलेला मूक पिएरो मात्र सर्कशीतला विदूषक नव्हता. त्याचं मौन कायद्यातून आलं होतं. अशा छोट्या नाट्यगृहांना संवाद म्हणण्याचा परवाना नसे, म्हणून तिथे शरीरच बोलू लागलं. देब्युरोने गळ्याभोवतीची मोठी झालर काढली, डोक्याला घट्ट काळी टोपी घातली. मान आणि चेहरा मोकळा झाला आणि भुवईची किंचित हालचालसुद्धा माडीवरच्या स्वस्त जागांपर्यंत पोचू लागली. हा पिएरो थंड डोक्याचा आणि प्रसंगी क्रूर होता. चंद्राकडे बघत उसासे टाकणारा हळवा प्रेमिक ही नंतरच्यांची करणी. ‘लेझांफां द्यू पारादी’ (1945) या चित्रपटात झां-लुई बारोने ती इतकी देखणी केली, की मूळचा देब्युरो तिच्यामागे जवळजवळ झाकलाच गेला.

सर्कशीचं रिंगण सुमारे तेरा मीटर व्यासाचं, प्रेक्षक चहूबाजूंनी. कुणाकडे तरी पाठ असणारच, तेव्हा भुवईवर भागत नाही. आपटावं लागतं, ओरडावं लागतं, वाजवावं लागतं. पिएरोला गोष्ट असते. विदूषकाला काम असतं आणि ते काम तो बिघडवतो. त्यासाठी त्याला जोडीदार लागतो.

पांढरा चेहरा रिंगणात आला तो इथेच, पण स्वभाव बदलून. चकचकीत पोशाखातला पांढरा विदूषक शहाणा, तोऱ्यात वावरणारा, हुकूम सोडणारा झाला. मार खाणं गेलं ढगळ कपड्यांतल्या दुसऱ्या विदूषकाच्या, म्हणजे ओग्युस्तच्या, वाट्याला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नूव्हो सर्कमध्ये फुटीट आणि शोकोला यांनी ही जोडी लोकप्रिय केली. फुटीट इंग्रज, शोकोला म्हणजे क्यूबात जन्मलेला कृष्णवर्णी राफाएल पादिया. त्या हशात रंगभेदाचा वाटा होताच. त्यामुळे ‘जुनं निखळ विनोदाचं युग’ असले गोडवे मला सहन होत नाहीत.

आज दोन्ही परंपरा पातळ झाल्या आहेत. मूकाभिनेता मार्सेल मार्सोचा बिप (1947) पिएरोचा सच्चा वारस होता, पण त्याच्या नकलाकारांनी काचेची अदृश्य भिंत तेवढी उचलली. झाक लकोकच्या नाट्यशाळेने (1956) विदूषकाला सर्कशीबाहेर काढून नटाच्या स्वतःच्या फजितीशी जोडलं. हा शोध मोलाचा, तरी त्यातून निघालेले कितीतरी नट लाल नाक लावून नुसते ओशाळे उभे राहतात. विदूषक ग्रोक व्हायोलिन, पियानो, कॉन्सर्टिना अशी वाद्यं उत्तम वाजवायचा, म्हणूनच त्याचं चुकणं रंगायचं. आनी फ्रातेलिनीला हे ठाऊक होतं. सर्कस आणि संगीत तिच्या घरातच होतं. पिएर एतेक्ससोबत 1970 च्या दशकात तिने पॅरिसमध्ये सर्कशीची शाळा काढली आणि रिंगणात स्वतः ओग्युस्त होऊन उतरली. बाईने ओग्युस्त करणं तेव्हा दुर्मीळ होतं.