म्हशीला म्हैसच राहू द्या

‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून या कादंबरीचा विषय निघाला की एक वाक्य ठरल्यासारखं पुढे येतं: यातली म्हैस हे विस्थापनाचं प्रतीक आहे. पेठ वडगावात बसून या उन्हाळ्यात कृष्णात खोतांचं हे पुस्तक पुन्हा वाचताना ते वाक्य फारच खटकलं. वडगावच्या जनावरांच्या बाजारात म्हशीचे दात बघतात, कास चाचपतात, चार पावलं चालवून बघतात, मग रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो. तिथं उभ्या असलेल्या माणसाला म्हैस कशाचंही प्रतीक वाटत नाही. ‘रिंगाण’ त्याच माणसाच्या नजरेनं लिहिलेली आहे.

धरणात गाव गेलं, माणसं वसाहतीत आली, जनावरं मागं राहिली. देवाप्पा मागं राहिलेल्या म्हशीसाठी पुन्हा त्या मुलखात शिरतो. कथानक एवढंच. पण दावं सुटलेल्या जनावराला परत दाव्याला आणणं म्हणजे काय, हे खोत इतक्या बारकाईनं लिहितात की वाचता वाचता आपलेही हात आखडतात. गोठ्यातली म्हैस धन्याच्या पायरवावरून त्याला ओळखते. रानटी झालेली म्हैस त्याच पायरवाला बुजते. माणसाला वाटतं ती आपली आहे. तिला आता तसं वाटत नाही. कादंबरीचा सगळा ताण या एका गैरसमजावर उभा आहे, आणि म्हशीला प्रतीक म्हटलं की तो ताणच नाहीसा होतो, कारण प्रतीकाला स्वतःची मर्जी नसते.

याच उन्हाळ्यात आनंद यादवांचा ‘गोतावळा’ पुन्हा हाती घेतला, तो या कादंबरीचा माग काढायला. १९७१चं पुस्तक, आणि आजही एक पान शिळं वाटत नाही. कागलच्या मातीतली बोली निवेदनात सुरुवातीपासून शेवटपर्यंत वापरण्याचं धाडस यादवांनी केलं. बोलीचा तो वापर नुसता रंग भरण्यासाठी नव्हता. नारबा हा सालगडी. त्याला माणसांचा गोतावळा नाही, बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या हेच त्याचं गणगोत. मळ्यात ट्रॅक्टर येतो आणि एकेक जनावर दावणीवरून कमी होत जातं. शेतीच्या यांत्रिकीकरणावर किती तरी परिसंवाद झाले असतील. रिकाम्या दावणीसमोर उभा राहिलेला नारबा मात्र मराठीत एकच. ‘गोतावळ्या’त यंत्र जनावराला हाकलतं, ‘रिंगाण’मध्ये धरण. मधल्या जवळजवळ अर्धशतकात कोल्हापूरच्या मुलखानं मराठी कादंबरीला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट या दोन पुस्तकांमध्ये आहे.

विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ (१९९१) धरणग्रस्तांवरची मोठी कादंबरी. तिच्यात कचेऱ्या आहेत, मोर्चे आहेत, माणसांचा महापूर आहे. तिच्या संतापाबद्दल आदरच वाटतो. तरी पुनर्वाचनात ती अहवालाकडं झुकते. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ वानरांच्या टोळ्यांवरचं, अप्रतिम गद्याचं. पण ते झाडाआडून पाहणाऱ्याचं पुस्तक आहे, शेणात हात घालणाऱ्याचं नव्हे. राजन गवसांचं ‘तणकट’ वेगळ्या वाटेचं, आणि तितकंच जिवंत. किरण गुरवांची ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ पहिल्यांदाच वाचली आणि उन्हाळ्यातला सर्वांत निखळ आनंद तिनं दिला.

निराशा ऐतिहासिक कादंबऱ्यांनी केली. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘छावा’ चित्रपट आला आणि शिवाजी सावंतांची १९७९ची कादंबरी पुन्हा बोलण्यात आली. वडगावात धनाजी जाधवांची समाधी आहे. १७०८ साली ते इथंच वारले. त्यामुळं इथल्या वाचकाला इतिहासाचं प्रेम शिकवावं लागत नाही. पण सावंत, रणजित देसाई यांच्या मागून आलेल्यांनी त्यांची नुसती भरजरी वाक्यं उचलली. त्यांचा अभ्यास उचलला नाही, आणि घोड्यावरचा माणूस लिहिताना घोडा कधी पाहिलाच नाही. विनोदी ग्रामीण कथांचे नवे संग्रह तर चार पानांत मिटले. शंकर पाटील इथून जवळच्या पट्टणकोडोलीचे. त्यांच्या ‘धिंड’वर लोक हसले म्हणून गावातल्या प्रत्येक माणसावर हसायचा परवाना कुणाला मिळत नाही. ‘वळीव’ वाचलेल्याला हे सांगावं लागू नये.

प्रतीकाचा हा आग्रह येतो कुठून? गावाकडचं पुस्तक त्याच्या स्वतःच्या तोलावर मोठं असू शकतं, यावर शिष्ट समीक्षेचा अजूनही विश्वास नाही. म्हशीबद्दलची कादंबरी ‘खरं तर’ दुसऱ्या कशाबद्दल तरी आहे असं सिद्ध केलं, की तिला वरच्या पंगतीत बसवता येतं. ‘ग्रामीण’ ही चिठ्ठीही त्याच कामाची. शहरातल्या सदनिकेवरच्या कादंबरीला कुणी ‘सदनिकासाहित्य’ म्हणत नाही. वैरण, वेसण, आंबोण या शब्दांना तळटीप मागणारा वाचक इंग्रजी शब्द मात्र बिनतक्रार गिळतो. हा अन्याय आहे आणि तो पुरस्कारानं भरून निघत नाही. दिवाळी पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मिरवतात, गंगावेशीत लोक समोर काढलेलं धारोष्ण दूध पितात, १९६३ साली सुरू झालेल्या जिल्हा दूध संघानं, ‘गोकुळ’नं, घरोघरचा संसार चालवला आहे. ज्या मुलखाचं अर्थकारण, सण आणि शिव्या म्हशीभोवती फिरतात, तिथल्या लेखकाला म्हैस हा विषय म्हणून पुरेसा आहे.

मात्र याच पुस्तकांकडं एक मागणं आहे. नारबा पुरुष, देवाप्पा पुरुष. प्रत्यक्षात पहाटे उठून शेण कोण काढतं, भारा डोक्यावर कोण आणतं, पान्हा न सोडणाऱ्या म्हशीच्या कासेला हात लावून तिच्याशी कोण बोलत बसतं? धार बाई काढते आणि दूध संस्थेच्या पुस्तकात नाव अनेकदा घरच्या पुरुषाचं असतं. जनावराची मर्जी, त्याचं आजारपण, त्याचं रुसणं तिला नारबाइतकंच कळतं, आणि म्हैस विकायला बाजारात नेतात तेव्हा रुमालाखालच्या बोटांत तिचं बोट नसतं. या उन्हाळ्यात वाचलेल्या एकाही पुस्तकात ती मध्यभागी नव्हती. पुढची कादंबरी तिच्या बोलीत, तिच्या गोठ्यातून यायला हवी.