सुमोचे मृत्युलेख मालकांनी लिहिले

टाटा सुमोवर जीव असणाऱ्यांचा मला राग नाही. माझाही आहे. पण गेली काही वर्षं सुमोबद्दल मराठीत जे काही वाचायला मिळतं, रील्समध्ये ऐकू येतं, फॉरवर्ड होत होत फॅमिली ग्रुपवर येऊन पडतं, त्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. हे सगळे मृत्युलेख एकाच माणसाने लिहिल्यासारखे वाटतात, आणि तो माणूस नेहमी मधल्या शिटावर, खिडकीशी बसलेला असतो.

गाडी १९९४ साली आली आणि २०१९ साली बंद झाली. पंचवीस वर्षं. आधी साधी सुमो, मग स्पासिओ, मग व्हिक्टा, ग्रँड, शेवटी गोल्ड. बंद होताना काही सोहळा झाला नाही. आता बनत नाही अशी बातमी आली, एवढंच. सोहळा नंतर आपण मोबाइलवर केला.

या लेखांचा साचा ठरलेला आहे. पांढरी सुमो असते. मामाची किंवा काकांची. तिच्यात बसून चौदा-पंधरा जण अष्टविनायकाला, नाहीतर कोकणात जातात. मागे समोरासमोरच्या बाकांवर पोरं, पायात डबे, टपावर ताडपत्रीखाली बॅगा. कॅसेट वाजत असते. घाटात कुणालातरी उलटी होते. मग एक उसासा: आताच्या गाड्यांना ती सर नाही, तो दणकट पत्रा नाही, ती माणसंही नाहीत. काही लेख खरंच छान आहेत, मला हसवलंय त्यांनी. पण त्यांत गाडी चालवणारा कोण, हे विचारून बघा. 'ड्रायव्हरकाका' नावाचा एक विनोदी मनुष्य एखाद्या वाक्यात येतो, गुटखा थुंकतो आणि जातो.

आणि या साच्याचा कळस म्हणजे मुळगावकरांची गोष्ट.

सुमो हे नाव जपानी पैलवानांवरून आलेलं नाही, सुमंत मुळगावकरांच्या नावातल्या 'सु' आणि 'मो' या इंग्रजी अक्षरजोड्यांवरून आलं, हे आता बहुतेकांना माहीत आहे. मुळगावकर म्हणजे टेल्को, आजची टाटा मोटर्स, ज्यांनी उभी केली त्यांच्यातलं मोठं नाव. ते १९८९ मध्ये गेले, म्हणजे सुमो त्यांनी पाहिली नाही. फॉरवर्डमधली गोष्ट अशी: कंपनीत सगळे अधिकारी एकत्र जेवायचे, पण मुळगावकर दुपारी गाडी काढून गायब व्हायचे. साहेबांना कुणी डीलर पंचतारांकित हॉटेलात जेवू घालत असणार, असं लोकांना वाटलं. पाठलाग केला तर साहेब हायवेच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांसोबत जेवताना दिसले. टाटाच्या ट्रकमध्ये काय चांगलं, काय वाईट ते विचारत होते.

ही गोष्ट खरी की रचलेली या वादात मला शिरायचं नाही. गोष्ट म्हणून ती कशी बांधली आहे, ते बघण्यासारखं आहे. मी ती मराठीत, हिंदीत, इंग्रजीत मिळून वीसेक वेळा तरी वाचली असेल. साहेब बसतात कुठे, खातात काय, सोबतच्यांना आश्चर्य किती वाटतं, सगळं त्यात आहे. ड्रायव्हर काय म्हणाले, ते मात्र एकाही आवृत्तीत नाही. ऐकणाऱ्याच्या मोठेपणावर रचलेली आख्खी कथा, आणि तिच्यात बोलणाऱ्याचं एक वाक्य नाही. 'साहेब, क्लच लई जड आहे,' एवढं जरी कुणी लिहिलं असतं तरी मी गोष्टीला मानलं असतं.

मला हा योगायोग वाटत नाही. सुमोवरच्या आपल्या प्रेमाची रचनाच अशी आहे.

कारण कुटुंबाची सुमो ही सुमोची छोटी बाजू. ही गाडी माझ्यासारख्यांना भेटली ती वडापमध्ये. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात वडाप म्हणतात, मराठवाड्यात-विदर्भात काळी-पिवळी. वर्तमानपत्रात 'अवैध प्रवासी वाहतूक'. तीन नावं, तीन नजरा. एसटी दिवसातून दोनदा येणाऱ्या गावांची दवाखान्याची, बाजाराची, कॉलेजची, कोर्टाच्या तारखेची सोय या गाड्यांनी केली. मी तीन वर्षं कॉलेजला अशीच गेले. सुमोच्या जोडीला ट्रॅक्स होती, कमांडर जीप होती, पण सुमोत बसायला मिळालं तर जरा बरं वाटायचं. दारं होती, काचा होत्या, पावसात ताडपत्री धरून बसावं लागत नव्हतं.

वडापच्या भाषेत माणसाला 'शीट' म्हणतात. 'दोन शिटा कमी आहेत, भरल्या की निघू.' कागदावर नऊ-दहा शिटांची गाडी पंधरा-सोळा शिटा घेऊन निघायची. पुढे चौघं, ड्रायव्हर अर्धा दाराला टेकून, गिअर टाकायचा म्हणजे शेजारच्या माणसाने गुडघा बाजूला घ्यायचा. मग तो सगळ्यांची मांडामांड करणार: 'आज्जी, तुम्ही मधे सरका. ताई, तुम्ही त्यांच्या शेजारी. पाव्हणं, तुम्ही मागं जावा.' कुठल्या बाईच्या शेजारी कोण बसेल, हे ठरवणारा तो माणूस रोज एक छोटं समाजशास्त्र चालवत होता, आणि बऱ्याचदा ते नीट चालवत होता. कंडक्टर नसलेल्या गाडीत पोरींना ज्याचा भरवसा, तो हाच. आठवणलेखांतल्या 'ड्रायव्हरकाकां'पेक्षा हा माणूस कितीतरी गुंतागुंतीचा आहे.

आता 'टिकाऊ' या शब्दाकडे येते. प्रत्येक मृत्युलेखात तो आहेच. सुमो टिकाऊ होती, म्हणजे नेमकं काय होतं?

टाटांनी १९८८ मध्ये टाटामोबाइल नावाचा पिकअप काढला. त्याच घराण्यातून सिएरा, इस्टेट आणि मग सुमो आली. म्हणजे सुमोची मूळ जात मालवाहू. खाली शिडीसारखी लोखंडी चॅसी, वर बॉडी वेगळी बसवलेली, पुढे डिझेल इंजिन, ताकद मागच्या चाकांना. स्पासिओत तर ४०७ या छोट्या ट्रकच्या वंशातलं तीन लिटरचं इंजिन होतं. याचा अर्थ, तालुक्याच्या गावात जो फिटर ट्रक-टेम्पो खोलत होता, त्याला सुमो परकी नव्हती. पत्रा चेपला तर ठोकून सरळ करणारा होता. डिझेल पंप यांत्रिक होता, तो खोलून कॅलिब्रेट करून देणारे जिल्ह्याच्या गावी होते. इंजिन थकलं की हाफ इंजिन खोलायचं, बोअर करायचं, पुन्हा तीन-चार वर्षं काढायची. सुटा भाग नवा परवडला नाही तर जुन्या बाजारात दुसऱ्या सुमोतून निघालेला मिळायचा.

यंत्र म्हटलं की बिघडतंच. सुमो टिकली ती तिला दुरुस्त करणारे हात दर दहा मैलांवर होते म्हणून. तिच्या टिकाऊपणाचं निम्मं श्रेय आराखड्याचं, बाकीचं त्या काळ्या हातांचं. आणि हे हात कुठल्या संस्थेत तयार झाले नव्हते. बारा-तेराव्या वर्षी गॅरेजवर पाने पुसायला लागलेली पोरं होती ती, हेही त्या टिकाऊपणात धरायला हवं. 'तेव्हाचा पत्रा' असं म्हटलं की हे सगळे लोक एका फटक्यात गायब होतात.

जाता जाता, गोल्डमध्ये कॉमन रेल इंजिन आलं होतं. सेन्सर, वायरिंग, स्कॅनर लावून दोष शोधणं. म्हणजे ज्या साध्या सुमोसाठी उसासे टाकले जातात, ती सुमो बंद व्हायच्या आधीच बदलायला लागली होती.

याच्या शेजारी एक दुसरा मृत्यू ठेवून बघू. लँड रोव्हर डिफेंडर. १९४८ पासूनची तिची वंशरेषा २९ जानेवारी २०१६ ला इंग्लंडमधल्या सॉलिहलच्या कारखान्यात संपली. कामगार जमले, जुन्या गाड्यांची मिरवणूक निघाली, जगभर बातम्या झाल्या. त्याआधी, २०१५ च्या डिसेंबरात, विसाव्या लाखाची म्हणून खास बांधलेली गाडी लिलावात चार लाख पौंडांना गेली. आणि २०१९ साली, म्हणजे सुमो गेली त्याच वर्षी, फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात नवी डिफेंडर अवतरली. चकचकीत, महागडी, पडद्यांनी भरलेली. गंमत अशी की दोन्ही गाड्यांची मालक कंपनी एकच. लँड रोव्हर २००८ मध्येच टाटा मोटर्सने विकत घेतली होती.

डिफेंडरही मुळात शेतावरची, सैन्यातली, चिखलातली गाडी. ती मरताना स्मारक झाली, कारण तिच्यावर हौसेने पैसे घालणारे मालक शेवटपर्यंत होते. सुमोचा शेवटचा गिऱ्हाईक हप्ता फेडणारा होता. त्याला स्मारक परवडत नाही. इथे मी टाटांना दोष देत नाहीये. बाजार आठवणींचीही वर्गवारी करतो, एवढंच दाखवतेय.

मग माझं म्हणणं काय, सुमो चालू ठेवायला हवी होती? नाही. इथे मी माझ्याच बाजूच्या लोकांशी भांडणार आहे.

२०१९ च्या १ जुलैपासून ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली. १ ऑक्टोबरपासून चालू मॉडेल्सनाही धडक-चाचणीचे निकष लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. पंचवीस वर्षांपूर्वीच्या आराखड्याला हे सगळं बसवायचं म्हणजे गाडी जवळजवळ नव्यानेच बांधायची. 'नियमांनी चांगली गाडी मारली' असं वाक्य मृत्युलेखांत हमखास येतं. ते मला पटत नाही. मागच्या आडव्या बाकांवर, पट्टा नाही, डोक्याला टेकायला काही नाही, गुडघ्यात गुडघे अडकलेले, अशा आठ जणांना घेऊन ही गाडी घाट उतरायची. 'पत्रा दणकट' हे आतल्या माणसाला दिलेलं आश्वासन नव्हे. न चेपणारा पत्रा धडकेचा हिसका आतल्या हाडांकडे पोचवतो. नव्या गाड्यांचा पुढचा भाग चुरगळतो तो मुद्दाम, तसा बनवलेला असतो म्हणून. घरात बसून 'आताच्या गाड्या म्हणजे डबडी' म्हणणाऱ्यांनी वडाप उलटल्याची बातमी कधीतरी नावांसकट वाचावी. त्या नावांत बहुतेक शेतमजूर, लग्नाला निघालेले, दवाखान्यातून परतणारे असतात.

पण दुसरी बाजू अशी की नियम गाडीला लागू झाले, रस्त्यावर थांबलेल्या माणसाला काही मिळालं नाही. सुरक्षित गाडी आली, ती सहा-सात जणांची आणि दुप्पट किमतीची. गावाला जाणारी एसटी वाढली नाही. मग वडाप बंद झालं का? जुन्याच सुमो चालत राहिल्या, आणखी जुन्या होत. २०२१ च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप लांबला, तेव्हा 'अवैध' हा शब्द पाच-सहा महिने कुणाच्या तोंडी फारसा आला नाही. स्टँडच्या बाहेर ज्या गाड्यांवर एरवी कारवाई व्हायची, त्यांच्याच भरवशावर जिल्हे चालले. सुमोवरचा खरा लेख त्या महिन्यांत लिहायला हवा होता. तेव्हा सगळे संपाबद्दल लिहीत होते, तेही बरोबरच.

सिनेमाने सुमोचं काय केलं हा वेगळा विषय आहे, थोडक्यात उरकते. तेलुगू मारधाडपटांत गुंडांचा ताफा म्हणजे रांगेने सुमो, आणि हिरोचा हात लागला की त्या हवेत. आपल्याकडे पुढाऱ्याच्या मागून धुरळा उडवत येणारी पांढरी सुमो. पडद्यावर ती दहशतीची गाडी झाली. तिच्यात गर्भार बाई बसून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे निघाली आहे, असं दृश्य मला तरी आठवत नाही. गावात मात्र ते रोजचंच होतं.

त्यापेक्षा भाषेने सुमोला जास्त न्याय दिला. मिझोराम, अरुणाचल, काश्मीर इथे शेअर टॅक्सीलाच सुमो म्हणतात. सुमोचा काउंटर असतो, सुमो स्टँड असतो, उद्या पहाटेची सुमो मिळेल का, असं विचारतात. समोर येऊन उभी राहिलेली गाडी दुसऱ्याच कंपनीची निघाली तरी तक्रार कुणी करत नाही. तिथे सुमो म्हणजे वस्तू राहिलेली नाही. डोंगरापलीकडे जायची सोय, असा तिचा अर्थ झाला आहे.

हा लेख डोक्यात घोळत होता तेव्हा आमच्याकडच्या एका जुन्या वडापवाल्या दादांना विचारलं, सुमोची आठवण येते का? वीस वर्षं चालवली त्यांनी, तीन गाड्या झाल्या. मला वाटलं होतं, डोळ्यांत पाणी वगैरे. ते म्हणाले, 'आठवण कशाची ताई? हप्ता फिटला त्या दिवशी नारळ फोडला हुता, त्यो दिवस आठवतो.' मग थोडं थांबून त्यांनीच मला विचारलं, गोल्डचा डावा मागचा दरवाजा कुठे मिळेल, ओळखीत कुणी आहे का पुण्यात.

मी दोन ठिकाणी फोन केलेत. अजून मिळालेला नाही.