हेंडनचें विमानसंग्रहालय आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न

लंडनच्या हेंडन भागांतील ब्रिटिश शाही हवाईदलाचें संग्रहालय १९७२ सालीं उघडलें. चिरंजीवांकडे राहिलों असतां तें पाहण्याचा योग आम्हांस आला. यंत्रविद्येंत आमची गति नाहीं. परंतु जीर्ण वस्तु कशी राखावी, हा प्रश्न पोथीस व विमानास सारखाच आहे.

तेथील हॅलिफॅक्स जातीच्या बाँबफेक्या विमानापाशीं आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलों. एप्रिल १९४२ मध्यें टिर्पिट्झ ह्या जर्मन युद्धनौकेवर चालून गेलें असतां तोफांचा मार लागून तें नॉर्वेंतील गोठलेल्या सरोवरावर उतरलें आणि बर्फ फुटून तळाशीं गेलें. आंतील मंडळी बचावली. पायास दुखापत झालेला एकजण कैद झाला, बाकीचे स्वीडनांत निसटले. १९७३ सालीं सरोवरांतून काढलेला तो सांगाडा, चुरगळल्या पत्र्यासह, बव्हंशीं तसाच ठेवला आहे.

ह्याच जातीचें दुसरें विमान एप्रिल १९४५ मध्यें नॉर्वेंतल्याच दुसऱ्या सरोवरांत पडलें. १९९५ त तें वर निघालें व कॅनडांतील ट्रेंटनच्या संग्रहालयांत दहा वर्षें खपून नव्यासारखें उभें करण्यांत आलें. त्या कारागिरीस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. बांधलेल्या ६,१७६ हॅलिफॅक्सांपैकीं आज फार थोडीं उरलीं आहेत. पूर्ण आकृति कोठेंतरी दिसावी हें योग्यच. परंतु जुना पत्रा कोठें संपतो व नवा कोठें लागतो, हें रंगाखालीं गेल्यावर विमान स्वतः सांगत नाहीं. दप्तर सांगेल तेवढेंच खरें.

हा दोष आमच्या हातूनहि घडला आहे. तरुणपणीं एका बखरीच्या वाळवीनें खाल्लेल्या पानांतील गळालेलीं अक्षरें आम्हीं संदर्भावरून जुळविलीं आणि रंग मिळावा म्हणून मुद्दाम काजळाची शाई करून त्याच कागदावर भरलीं. पुढें दुसरी प्रत हातीं आली, तेव्हां त्यांतील तीन नांवें चुकलेलीं निघालीं. बाकीच्या अक्षरांपैकीं लेखकाचीं कोणतीं व आमचीं कोणतीं, हें तोंपर्यंत आम्हांसहि सांगतां येईना. शेजारीं कोऱ्या कागदावर तीं लिहिलीं असतीं तर कांहींच बिघडलें नसतें.

म्हणून आमचा कौल हेंडनकडे आहे. त्याच संस्थेनें २०१३ सालीं गुडविन सँड्सजवळील समुद्रांतून एक जर्मन डॉर्निअर विमान काढलें व कॉसफर्ड येथें नेलें. तेथें सौम्य आम्लाच्या पाण्याचे फवारे मारून त्यावरील समुद्राचा थर धुण्याचें काम चाललें. नवा पत्रा लावण्याचें नव्हे.